हद्दीचा दगड

कळंब, ५ मे २०२५

चि. शांतवन यास,
प्रभूमध्ये अनेक आशीर्वाद.

फोनवर तू तिसऱ्या वाक्याला ओरडतोस आणि पाचव्याला फोन बंद करतोस, म्हणून हे पत्र दुधाच्या टेम्पोवाल्या सूरजच्या हाती देते.

आईच्या पायांची सूज उतरली का? हृदय थकलंय असं डॉक्टर म्हणाल्यापासून तिला बाबांच्या कबरीशेजारच्या जागेचाच घोर आहे. लागून शेत असलेल्या गोरखने दफनभूमीच्या हद्दीचा दगड सरकवून ती जागा नांगरली असं तू म्हणतोस. असेलही. पण पाच हात जमिनीसाठी शेजाऱ्याशी वैर धरू नकोस, सौम्य राहा. चर्चमध्ये तीस वर्षं बाबांनी हेच शिकवलं. पाळकसाहेब बोलतील त्याच्याशी. तुझं नाव शांतवन ठेवून बाबा फसलेच म्हणायचे!

लोभ आहेच, तो रागाच्या भरात कमी करू नये.

तुझी ताई,
वृषाली


बेल्हे, ७ मे २०२५

ती. ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

सूज तशीच आहे. काल आई दफनभूमीत घेऊन चल म्हणाली. खुर्ची नेली. बाबांजवळ बसून ती शेजारच्या ढेकळांकडे बघत राहिली.

मग गोरखकडे गेलो. हात जोडून गेलो, विश्वास ठेव. तो चारचौघांत हसला. म्हणाला, दगड व्हता तितंच हाय, न्हाईतर तुमच्याच बहिणीनं ईस्टरच्या आदल्या दिशी त्याला चुना दिला असता का? सणाआधी हद्दीचे चारही दगड आपणच पांढरे करतो हे गावाला माहीत आहे. जिथे आपला चुना, तिथे आपली हद्द.

ताई, खरं सांग. दगड हललेला तुला दिसला नव्हता का? सौम्य राहा हे तू माझ्यासाठी सांगतेस की स्वतःसाठी? सोमवारी सकाळी मी पहार घेऊन जाणार आहे. सोबत तिघे आहेत. जो आडवा येईल त्याला बघून घेऊ.

उत्तराची वाट पाहतो, पण सोमवारपर्यंतच.

शांतवन


कळंब, ९ मे २०२५

चि. शांतवन यास,
आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही.

दिसला होता. बादली घेऊन गेले तेव्हाच दिसला. जुना खड्डा ताज्या मातीने बुजवलेला आणि दगड पाच हात आत. गोरख बांधावर उभा होता, त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. सणाच्या तोंडावर तमाशा नको म्हणून मी वाकले आणि दगड होता तिथेच पांढरा केला. घरी येऊन आईला सांगितलं, सगळं व्यवस्थित आहे. वर स्वतःची समजूत घातली की हीच ती सौम्यता.

ती सौम्यता नव्हती रे, भीती होती. आठवतं? दारू पिऊन धिंगाणा घालायला आलेल्या माणसाने चर्चच्या दारात बाबांच्या थोबाडीत मारली होती. बाबांनी हात उचलला नाही, पण ते दारातून बाजूलाही झाले नाहीत. मी त्यांचा न उचललेला हात तेवढा लक्षात ठेवला. मला स्वतःची लाज वाटते.

सोमवारी पहिल्या गाडीने येते. तो चारचौघांत बोलला, मीही चारचौघांत बोलेन. मी येईपर्यंत पहार उचलू नकोस, एवढंच ऐक.

मागायचा हक्क नसला तरी माया मागते.

वृषाली


बेल्हे, १३ मे २०२५

ती. ताईस,
सप्रेम सलाम, वि. वि.

काल तुला गाडीची घाई होती आणि मला तोंड उघडलं तर रडू येईल असं वाटत होतं. म्हणून आज लिहितो.

दगडावर हात ठेवून तू गावासमोर म्हणालीस की मला दिसलं होतं, मी भ्याले, आणि सरकवलेल्या दगडाला चुना दिला. गोरखच्या बायकोने, कुशाबाईने, तोंडाला पदर लावला. तो तुला नाही नाही ते बोलला, आईच्या मरणावर टपलेली म्हणाला. तू आवाज चढवला नाहीस. दर वेळी तेच सांगत राहिलीस, की दगड जागेवर गेल्याशिवाय मी हलणार नाही. त्याने ट्रॅक्टर तुझ्या पायांपासून हातभर अंतरावर आणला तेव्हा माझे तिघे पुढे सरकले. त्यांना मीच अडवलं. आपल्यातल्या एकाने जरी हात टाकला असता तरी तुझं सगळं फुकट गेलं असतं, एवढंच मला कळलं. असं उभं राहायला पहार उचलण्यापेक्षा जास्त जोर लागतो, ताई.

सावळारामकाका खाटेवरून उठून येतील आणि पोटच्या पोराच्या, गोरखच्या ट्रॅक्टरची किल्ली काढतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. दगडाचा मूळ खड्डा त्यांनी आणि बाबांनी मिळून खणला होता, म्हणून जागा त्यांनी पायाने दाखवली. तू गेल्यावर गोरख माझ्याशी बोलला नाही. पण दगड उचलताना पहार माझी होती आणि दुसऱ्या बाजूला त्याचा खांदा होता, ते तू पाहिलंसच.

संध्याकाळी आईने विचारलं, जागा पुरेल का? पुरेल म्हटलं. मग आता घाई न्हाई, म्हणाली, आणि अर्धी भाकरी जास्त खाल्ली.

दगडावरचा चुना मी खरवडून काढलाय. नवा मी देणार नाही. रविवारी बादली घेऊन तू ये.

लोभ होता तसाच आहे, थोडा वाढलाच म्हण.

तुझा,
शांतवन