बोटांमधली कातडी

१२ जानेवारी, सोमवार
आज एक अंडं फुटलं, आणि मलेच बोलल्या! अंडी उबवाच्या मशीनचं दार अडकते, हे दिवाळीपासून तीनदा सांगितलं. ऐकलं कोणी? रविवारीही अंडी फिरवाले मीच येते. तरी लॅबच्या मुख्य मीरा मॅडम साऱ्यांपुढे — "छायाबाई, आता एक जरी फुटलं, तर येऊ नका." पंधरा वर्षं झाली या लॅबमध्ये मले!

१४ जानेवारी, संक्रांत
फुटली. सहाच्या सहा. इला इथं शिकते, तिनं औषध टोचलेली. बिनऔषधाची खालच्या कप्प्यात, ती तेवढी वाचली. दार अडकलं, मी रागानं ओढलं. सुट्टी, लॅबमध्ये मी एकटी.
या लॅबले अंडी माझ्याच घरून येतात. घरी गेली, खुडूक कोंबडीखालची सहा उचलली. ती पाच दिवसांची, इलाची सात. तिच्यासारखंच दाभणानं भोक पाडलं, चिकटपट्टी लावली, पेन्सिलीनं तिची तारीख घातली.
सारं बिनचूक जमलं मले! त्याचीच लाज वाटते.

१५ जानेवारी
इलानं आज अंडी फोडली. पिल्लाचा पाय आधी सपाट असते म्हणे, वल्ह्यासारखा. मग बोटांमधल्या पेशी आपणहून मरतात, तेव्हा बोटं सुटी होतात. रंगाच्या पाण्यात बुडवलं की मरत्या जागेले लाल रंग चढते. बिनऔषधाच्या पिल्लांले चढला. माझ्या सहांले नाई.
"मावशी! औषधानं पेशींचं मरण थांबलं!" मले मिठीच मारली. तिळाचा लाडू तोंडात कोंबला.

१६ जानेवारी
नवऱ्याले सांगितलं. म्हणते, "दोन दिवसांनं काय होते? अंडं ते अंडं."
अन् तू कोंबड्या पाळतं!

१७ जानेवारी, शनिवार
इला नागपूरच्या शास्त्रज्ञांच्या सभेत हे वाचणार. "तुमचं नाव घेईन हं, मावशी." मी फरशी पुसत राह्यली. वर पाहाची हिंमत नाई झाली.

१९ जानेवारी, सोमवार
इलाले सारं सांगितलं. इलानं उठून दार लावलं.
"माहीत आहे, मावशी. शुक्रवारी फोटो पुन्हा पाहिले. चोच, डोळे — पिल्लं वयानंच लहान होती."
म्हणजे शनिवारी माहीत होतं!
"दोन वर्षांत काहीच हाती लागलं नाही हो. गप्प राहा ना."
म्हटलं, "मॅडमले तू सांगतं का मी सांगू? बुधवारी पाचच्या आत मले जवाब पाहिजे. नाईतर गुरुवारी मी मॅडमकडे जाईन. नोकरी गेली तरी!"