पुढून रंग, मागून भेग

ज्यांच्या दारावर पिवळी पाटी ठोकली गेली आहे, आणि उद्या ती आपल्या दारावर ठोकली जाईल या धास्तीने ज्यांचा घास घशाखाली उतरत नाही, अशा आमच्या गल्लीतल्या घरमालकांनो आणि भाडेकऱ्यांनो, हे मृत्युपत्र माझे असले तरी ते तुम्हाला आजच वाचून दाखवायचे आहे. आपले गाऱ्हाणे एकच आहे. नगरपालिका घराचे तोंड बघते आणि त्यावरून घराची लायकी ठरवते. पुढच्या भिंतीचा पोपडा निघाला की नोटीस. तीस दिवसांत रंग लागला नाही की ‘बकाल मालमत्ता’ अशी पाटी. तीन पाट्या झाल्या की टाळे. हा नियम कोणी आणला ते तुम्ही विसरला असाल. मी विसरलेले नाही. मी आणला.

मी, वय वर्षे एकाहत्तर, नगरपालिकेच्या वाचनालयाची निवृत्त ग्रंथपाल, जिला तुम्ही तोंडावर ताई आणि पाठीमागे भोंगा म्हणता, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवते. परवा माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. हृदय बिघडले असले तरी डोके ठिकाणावर आहे. वकीलबाईंनी खात्रीसाठी आजचा वार विचारला. मी वारासोबत त्यांच्या मसुद्यातल्या तीन चुकाही सांगितल्या. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू शकेल असा माणूस एकच, तो भिंतीपलीकडे राहतो आणि अकरा वर्षे माझ्याशी बोललेला नाही.

कलम पहिले, घर. आमचे वडील गवंडी होते. हे दुमजली घर त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधले. वाटणीत उजवी बाजू मला आली, डावी धाकट्या भावाला, जो वडिलांसारखाच गवंडी आहे. मागची भिंत मात्र एकसंध, दोघांच्या सामाईक मालकीची. माझी बाजू माझ्या पश्चात भावाला मिळावी. (यावर पुढे काय घडले ते सहाव्या कलमात आहे. वकीलबाई हे खोडायला सांगत होत्या, मी नाही म्हटले. माणसाचे मत कुठून कुठे गेले तेही दिसू दे. जिथे दोन कलमांचे जमणार नाही तिथे शेवटचे खरे धरावे.)

कलम दुसरे, नियम. अकरा वर्षांपूर्वी शेजारच्या गल्लीत एक सज्जा रस्त्यावर कोसळला. त्यानंतरच्या नागरिक सभेत मी बोलले आणि सभागृह दणाणले. नियमाचा मसुदा माझ्याकडेच आला. त्यात मी लिहिले की तपासणी फक्त ‘रस्त्यावरून दिसणाऱ्या भागाची’ होईल, आणि मालकाने आपणहून दार उघडल्याशिवाय निरीक्षक आत पाऊल टाकणार नाही. हेतू चांगला होता. गरिबाच्या स्वयंपाकघरात सरकारी बूट शिरू नयेत, एवढेच मला हवे होते. तेव्हा माझा भाऊ मागच्या रांगेतून उठला. कामावरून तसाच आला होता, हाताला चुना. म्हणाला, “ताई, भिंत मागून मरते. पाणी मागे मुरतं, पन्हळ मागे गळते. पुढचं बघून काय कळणार?”

मी ध्वनिक्षेपकावरून उत्तर दिले, “माझा भाऊ भिंती उत्तम बांधतो. वाक्यं बांधायचं काम त्यानं माझ्यावर सोडावं.”

सभागृह हसले. तोही थोडा हसला आणि खाली बसला. ते हसू माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मतमोजणीत मी जिंकले. त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद.

कलम तिसरे, घड्याळजी. कोपऱ्यावरच्या घड्याळजींचे घर मागून खणखणीत होते, पण पुढून फिकट. हात थरथरू लागल्यावर शिडीवर चढणे त्यांना जमेना. तीन पाट्या, मग टाळे. आता ते दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपतात. त्यांच्या अपिलावर मी सही केली नाही, कारण नियम माझा होता आणि स्वतःच्या नियमाविरुद्ध सही करायला जे लागते ते माझ्याकडे नव्हते. ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, त्यामुळे कायद्याने त्यांना मी काही देऊ शकत नाही. माफी मालमत्तेत मोडत नाही असे वकीलबाई म्हणतात. म्हणून ती देते.

कलम चौथे, किरकोळ वस्तू. पुस्तके वाचनालयाला. ‘सर्वोत्तम दर्शनी भाग’ म्हणून मिळालेली तीन प्रमाणपत्रे रद्दीवाल्याला. त्यांच्या चौकटींतल्या काचा मात्र जपून काढून ठेवाव्यात, त्या लागणार आहेत, कशाला ते पुढच्या कलमात कळेल. वडिलांचा पितळी ओळंबा भावाला. वाटणीच्या वेळी तो त्याला हवा होता म्हणूनच मी घेतला. गवंड्याचे सर्वांत खरे हत्यार, भिंत सरळ आहे की नाही हे दोरीच्या टोकाशी लटकून सांगणारे, ते मी अकरा वर्षे कागद उडू नयेत म्हणून वापरले.

कलम पाचवे, भेग. मागच्या भिंतीला, माझ्या बाजूला, खालपासून वरपर्यंत भेग गेली आहे. चार महिन्यांपूर्वी भावाने न विचारता तिच्यावर तीन ठिकाणी काचेच्या पट्ट्या सिमेंटने आडव्या चिकटवल्या. भिंत स्थिर असेल तर काच शाबूत राहते; केसभर हलली तरी तडकते. खालची पट्टी महिन्याभरात गेली. मधली गेल्या आठवड्यात. या मधल्या काळात निरीक्षक आला, समोरच्या फुटपाथवर उभा राहून त्याने माझ्या नव्या रंगाला शेरा दिला, ‘उत्तम’, आणि गेला. दुरुस्तीच्या अर्जावर दोन्ही मालकांच्या सह्या लागतात. भावाने स्वतःची सही केलेला अर्ज तीनदा माझ्या दाराखालून सरकवला. तिन्ही मी एका जाड पुस्तकात ठेवून दिले. सही करणे म्हणजे अख्ख्या गल्लीसमोर त्याचे बरोबर होते असे म्हणणे. माझ्या डोक्यावर, त्याच भिंतीला टेकून, वरच्या मजल्यावर शिंपीणबाई आपल्या दोन मुलींना घेऊन भाड्याने राहतात. हे मला रोज ठाऊक होते. शिलाईयंत्राचा आवाज मला रोज ऐकू येतो.

आज इथपर्यंत लिहून झाले आणि तो आवाज थांबला.

शिंपीणबाई खाली आल्या. हातात काचेचा तुकडा होता. म्हणाल्या, “ताई, वरची पण गेली. कापड बेततानाच आवाज आला.” धाकटीला त्यांनी कडेवर घेतले होते, आणि ती कडेवर घेण्याच्या वयाची नाही.

मी त्यांना मुलींना घेऊन रस्त्यावर जायला सांगितले आणि त्याआधी शेजारचे दार ठोठावायला सांगितले. भाऊ आला. उंबऱ्यापाशी क्षणभर थबकला, मग माझ्याकडे न बघता टेबलावरचा ओळंबा उचलून वर गेला. मी जिना चढायचा नाही अशी डॉक्टरांची ताकीद आहे. मी चढले. त्याने मागच्या खिडकीतून वाकून दोरी सोडली. वर दोरी भिंतीला लागून होती. खाली, माझ्या खिडकीपाशी, भिंत फुगून तिने दोरीला ढकलले होते. खाली येऊन त्याने फुगवटा बोटे लावून मोजला. चार.

“आज रात्री इथं कुणी झोपायचं नाही,” तो म्हणाला. “तुळईखाली टेकू लावतो. भिंत मात्र उतरवावी लागेल.”

मी पुस्तकातून अर्ज काढले आणि तिन्हींवर सही केली. वकीलबाई म्हणाल्या, एकावर केली असती तरी चालले असते. मला माहीत होते.

मग मी भावाला पहिले कलम वाचून दाखवले. ऐकून तो म्हणाला, “मला तुझी बाजू नको. जी राहते तिला दे. आणि साक्षीदार कोण आहे?” वकीलबाईंनी सांगितले की घड्याळजी आहेत, दुसरा यायचा आहे, पण ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, नाहीतर त्याला दिलेले रद्द होते. “मग मीच होतो,” तो म्हणाला. “म्हणजे हिला पुन्हा मत बदलता येणार नाही.” अकरा वर्षांनी तो मला ही म्हणाला.

कलम सहावे आणि शेवटचे. माझी बाजू माझ्या पश्चात शिंपीणबाईंना मिळावी. ओळंबा मृत्युपत्रातून वगळला आहे, कारण भावाने तो आज स्वतःच उचलला, मी तो त्यालाच दिला आणि तो आत्ता दोरीला लटकतो आहे. भिंत उतरवून पुन्हा बांधण्याचे काम भावाने करावे, खर्च माझ्या शिलकीतून व्हावा, आणि हे माझ्या मरणाची वाट न बघता उद्यापासून सुरू व्हावे. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात जिवंतपणी करायच्या गोष्टी लिहीत नाहीत. मी म्हटले, म्हणूनच त्या राहून जातात.

आता तुम्हाला. उद्या सकाळी दहा वाजता निरीक्षक गल्लीत येईल. तुम्ही आठवडाभर पुढच्या भिंती रंगवल्या आहेत, मी पाहिले आहे. तुमच्यापैकी किती जणांच्या मागे भेग आहे तेही मला ठाऊक आहे, कारण मागच्या बोळातून माझा भाऊ रोज जातो आणि तो मोजतो. निरीक्षक आपणहून आत येणार नाही. तशी तरतूद मीच केली आहे. एकट्याने भेग दाखवली तर एकट्यालाच पाटी लागेल, ही तुमची भीती खरी आहे. सगळ्या गल्लीला एकदम पाटी लावता येत नाही. माझे दार सगळ्यांत आधी उघडलेले असेल. दहाच्या ठोक्याला तुमचे मागचे दार उघडा आणि त्याला आत बोलवा.

सही: भोंगा
ठिकाण: रस्त्यावर मांडलेले शिंपीणबाईंचे कापड बेतायचे टेबल
दिनांक: तपासणीच्या आदल्या दिवशी, दुपारी चार

साक्षीदार पहिला: घड्याळजी (सही थरथरली आहे, ती त्यांचीच आहे)
साक्षीदार दुसरा: लिहून देणारीचा धाकटा भाऊ, गवंडी