खांद्यापेक्षा उंच

३ मे १९९४
आले एकदाची! थॉर्नी एंडचं हे घर अगदी माझ्या मनासारखं आहे. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं, चूल धुरकटत नाही, आणि अंगणात लाडावलेल्या गुलाबांची गर्दी नाही. सामान लावायच्या आधी कोपऱ्यातल्या एल्मच्या झाडाला भेटून आले. आमच्या इंग्लंडच्या सफोक परगण्यात एल्मची कुंपणं पुष्कळ आहेत, उंच झाडं नाहीत. ती सत्तरच्या दशकात भुंग्याने आणलेल्या बुरशीने खाल्ली. मुळांना धुमारे फुटतात, जरा वाढतात, की भुंगा परत हजर. हे एक झाड मात्र छपराच्या वर पोचलं आहे. वृक्षसंस्थेने मला त्याच्या राखणीलाच इथे ठेवलं आहे. हा उन्हाळा ते तगलं तर पुढच्या वसंतात त्याची कलमं गावोगाव जातील. तगेल. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला. हट्टी रोप मी ओळखते.

११ मे
शेजारच्या डोरीन थर्लो केक घेऊन आल्या. नव्वदीच्या आहेत, मला 'पोरी' म्हणतात. कुंपणापाशी आल्यावर कमरेत वाकल्या. पाठ दुखते का, असं विचारलं तर म्हणाल्या, पाठीला काय धाड भरलीय? कुंपण आम्ही खांद्याच्या वर जाऊ देत नाही, मग माणसाने तरी का जावं? मान वर काढली की त्याला दिसते. कोणाला, ते काही सांगेनात. मी मुलींना आयुष्यभर ताठ उभं राहायला शिकवलं आहे, मी वाकणार नाही, असं मी सुनावलं. त्यावर, ह्या घरातल्या आधीच्या बाईपण हेच म्हणायच्या हो, असं पुटपुटून त्यांनी केकची बशी परत मागून घेतली.

२ जून
कुंपण छाटणारा कॉलिन पेटिट करवत घेऊन दारात. म्हणाला, अहो बाई, ते एल्मचं झाड आत्ताच पाडू द्या. जुलैत ते पिवळं पडेल आणि त्याच्याबरोबर तुम्हीही. आधी मला काप, असं म्हटलं. तर म्हणतो, नको, करवतीचे दाते जातील. हसले. मग तो सहा फुटी गडी फाटकापर्यंत दुमडून चालत गेला, आणि माझं हसू थांबलं.

२४ जून
भिंतीत आवाज. माझ्या डोक्याच्या उंचीवर, साल कुरतडल्यासारखा. बसले की थांबतो. उभी राहिले की सुरू. बोळातून चालत गेले, तोही बरोबर चालत आला. उंदीर असेल, असं लिहिणार होते. पण उंदीर नाही, आणि मी रोजनिशीत खोटं लिहीत नाही.

५ जुलै
शेंड्याची एक फांदी पिवळी. संतापून दुपारभर झाडाखाली ताठ उभी राहिले. कुरतडणं आधी खोडात ऐकू येत होतं. मग माझ्या कानामागे. संध्याकाळी फांदी पुन्हा हिरवी. माझी डावी बोटं मात्र बधिर.

९ जुलै
कळलं. मी बसले की तो झाडाला धरतो. उभी राहिले की झाड सोडून मला. डोरीन खिडकीखालून ओरडत होत्या, बस की गं पोरी, झाडं काय, छप्पन मिळतील. मिळाली असती तर मी इथे कशाला आले असते? उभ्यानेच जेवते. भिंतीला टेकून झोपते.

१४ जुलै
मनगटाची कातडी सुटली. खाली नक्षी: मधोमध रेघ, दोन्हीकडे बारीक फाटे. मेलेल्या एल्मच्या सालीखाली भुंगा कोरतो, तीच. बुरशी आली की एल्म घाबरून स्वतःच्याच शिरा बंद करतो, आणि तेच त्याला मारतं. मी घाबरणार नाही. ये म्हणावं.

१७ जुलै
माझा हात खांद्यापर्यंत पिवळा. शेंड्याला नवी पालवी — जुलैत! मी अजून उभी —

१८ जुलै
खिडकीच्या कठड्याला धरून उभ्यानेच लिहिते. कॉलिन आला आहे. करवत नाही. कुंपणापाशी ताठ उभा. म्हणतो, बाई, बसा जरा, आता माझी पाळी. गाढव! घरी बायको आहे त्याला. वाक म्हणून ओरडले. मी, न वाकणारी, वाक म्हणाले —

कॉलिन हसतो आहे. माझ्या कानामागचा आवाज थांबला. त्याने मानेवर हात मारला.

त्याला एकट्याला नाही सोसू देणार. कठडा सोडून ताठ होते.

रस्त्यावर डोरीन. काठी टाकली — हळूहळू पाठ सरळ करताहेत — आम्ही तिघं उभे राहिलो, तर तो कोणाकोणाला धरेल —