धाकटीच्या फीसाठी जबाब

४ मे, बुधवार

नाही लिहिणार. दहा वेळा सांगून झालं, तरी आईचा अकरावा फोन आला. "दोन ओळी लिही रे. तुझ्या हातच्या. लढाईवर जायच्या आधी तुझे बाबा कसे होते आणि आल्यावर कसे झाले."

कसे झाले ते माझ्या डाव्या हाताला विचार म्हटलं. वाकडा जुळलाय, थंडी पडली की अजून ठणकतो.

"ते आजारी आहेत," म्हणाली. आजारी माणूस अंथरूण धरतो, बायकोचे केस धरत नाही.

फोन आपटला. मग वाईट वाटलं. मग परत राग आला.

५ मे, गुरुवार

नीट लिहून काढतो, म्हणजे डोकं थंड होईल.

धाकटीला जनावरांच्या डॉक्टरकीला जागा मिळाली. पहिल्याच यादीत. मी इथे कत्तलखान्यात दिवसभर मेंढ्यांच्या गळ्यावर सुरी फिरवतो आणि माझी बहीण त्यांना वाचवायला शिकणार! सुतळीला सांगितलं तर म्हणाला, "बरंय की. तू बिघडव, ती दुरुस्त करेल." सुतळी कामावर माझ्या शेजारी, मेंढ्या टांगायच्या आकड्यांपाशी असतो. अंगानं काडी. तोंडाला मात्र दिवसभर सुट्टी नाही. खोलीही आमची एकच.

फी पहिल्या वर्षाची ऐंशी हजार. फौजीच्या पोरांना निम्मी माफ असते, पण बापाची पंधरा वर्षं नोकरी झालेली पाहिजे. आमच्या बापाची अकरा झाली आणि घरी पाठवला. पण फौजी लढाईत जखमी झालेला असेल तर पोरांची फी, वसतिगृह, पुस्तकं — शेवटच्या वर्षापर्यंत सगळं सरकार भरतं. जखम डोक्याच्या आतली असली तरी चालते. माजी सैनिकांच्या कार्यालयातल्या कारकुनानं धाकटीला हे सांगितलं. "वडिलांना डॉक्टरांच्या बोर्डासमोर आणा. आणि पुरावा आणा."

पुरावा! सतरा वर्षं बाप घरात हाणामारी करतोय. ट्रंकेतून दवाखान्याचे नऊ कागद निघाले. त्यांवर काय? मोरीत पाय घसरून पडल्या. जिन्यावरून पडल्या. अंधारात दार लागलं. माझा एक आहे — सायकलवरून पडला. आमच्याकडे सायकल कधी नव्हतीच.

आईचं पालुपद एकच, झाकली मूठ सव्वा लाखाची. आता उघडायची वेळ आली तर आत काही नाही. कारकून नऊ कागद चाळून म्हणाला म्हणे, "ह्यावरून फार तर तुमच्या घराची फरशी आजारी आहे असं सिद्ध होईल."

म्हणून माझा जबाब हवाय. मोठा मुलगा, डोळ्यांनी पाहिलेला.

नाही देणार. आजारी म्हटलं की झालं, सगळं धुऊन निघालं. आजार होता तर साहेब लोकांसमोर कसा यायचा नाही? किराणावाल्यासमोर कसा यायचा नाही? दार लागलं की बरोबर यायचा. दाराची कडी ओळखणारा आजार मी तरी ऐकलेला नाही.

माझ्याकडे एकसष्ट हजार साठलेत. जुलैपर्यंत ऐंशी होतील. मी भरतो फी. त्याच्या वेडाच्या दाखल्यावर माझी बहीण शिकणार नाही.

९ मे, सोमवार

मेंढ्या टांगलेल्या पट्ट्याचा वेग वाढवलाय. आता आकडे इतके भरभर येतात की एक मेंढी पुरती थांबायच्या आत दुसरी तोंडावर येते. लाथ बसते. आज नव्या पोऱ्याचं बोट गेलं, पेरापासून. तो ओरडत होता आणि मुकादमानं तो तुकडा बुटानं गटारात ढकलला आणि बटण दाबलं. "चला, चला." पट्टा चालू.

कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

११ मे

आज सोळाशे मेंढ्या झाल्या. हात उघडत नाही. जेवतानाही मूठ सुरी धरल्यासारखी.

१५ मे, रविवार

सुतळीला दोन ठेवून दिल्या. तोंड आवरत नाही त्याचं. म्हणाला, "तुझ्या बापानं लढाईत कुणाला मारलं का रे, की तिकडे नुसता सराव केला?" घरचं सगळं मीच त्याला सांगितलेलं, विश्वासानं. बास. एवढंच झालं.

१६ मे, सोमवार

खरं लिहितो. इथेही खोटं लिहायचं तर वही कशाला.

दोन नव्हत्या. माझ्या हातात सुऱ्या परजायची लोखंडी कांब होती. पहिल्या फटक्यात तो गप्प झाला. बोलणं बंद करायचं होतं, ते तिथेच झालं होतं. पुढचे फटके कशासाठी ते मला माहीत नाही. तो लोंबणाऱ्या मेंढ्यांच्या मधे पडला, एक हात वर करून. त्या हातावर मारलं. मग हात खाली गेला, मग तोंडावर. हाड तुटल्याचा आवाज मला ओळखीचा आहे. तो आला तरी मी थांबलो नाही.

आणि बरं वाटत होतं. हे लिहिलंच पाहिजे. फार दिवसांनी हात हलका वाटत होता.

चौघांनी मिळून ओढलं.

१७ मे, मंगळवार

दवाखान्यात गेलो. जबडा दोन ठिकाणी तुटलाय, तारेनं बांधलाय. पाच दात गेले. हाडात पट्टी घालायची, अठ्ठावन्न हजार सांगितलेत. बोलता येत नाही म्हणून डॉक्टरला त्यानं कागदावर लिहून दिलं. कागद उशाशीच होता, मी वाचला.

"ओल्या फरशीवर घसरलो."

माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे काळजी करू नको. पण डोळे वेगळे होते. आज ना उद्या माझ्याच शेजारी झोपायचंय त्याला, तर उगाच मला कशाला चिडवा. ते डोळे मी ओळखतो. आमच्या स्वयंपाकघरात होते.

त्याची बायको गावाहून आलेली. स्टुलावर बसली होती. मला बघताच उठली आणि स्टूल पुसून माझ्यापुढे सरकवलं. "बसा ना." वर बघितलं नाही.

मी बसलो नाही. तसाच बाहेर आलो.

आणि वर मुकादमाचा हिशोब — घसरला तर स्वतःच्या चुकीनं घसरला, कंपनी एक पैसा देणार नाही.

१८ मे, बुधवार

सकाळी ऑफिसात गेलो. म्हटलं, तो पडला नाही. मी मारलं. लिहून घ्या.

मुकादम म्हणाला, "अरे शहाण्या, मिटलं होतं की! तो स्वतः म्हणतोय पडलो, मग तुझ्या पोटात का दुखतंय?"

म्हटलं, लिहा.

"पोलीस की पैसे?"

पैसे म्हटलं. अठ्ठावन्न हजार दवाखान्यात भरले. सुरी काढून घेतली माझ्याकडून. आता कातडी धुवायच्या खोलीत, अर्ध्या पगारावर.

दिवसभर पाण्यात उभा होतो आणि एकच गोष्ट डोक्यात. बोट गटारात ढकललं मुकादमानं. पट्ट्याचा वेग वाढवला मुकादमानं. मी त्याला साधं "अहो" पण केलं नाही. मारलं कुणाला, तर सुतळीला. चाळीस किलोच्या माणसाला.

मी कुठल्या लढाईवर गेलो होतो?

१९ मे

धाकटीला फोन केला. पैसे नाहीत म्हटलं. कशानं गेले तेही सांगितलं.

"म्हणजे आता बोर्डच, दादा."

हो.

"लिहिशील?"

हो.

"खरं लिही. नुसतं वाईट नको. चांगलंही."

२२ मे, रविवार

चार कागद फाडले. पाचवा आज धाकटीला पाठवला. आठवीतून शाळा सोडलेल्या माणसानं जसा लिहावा तसाच झालाय. इथे उतरवून ठेवतो.

"मी मोठा मुलगा. लढाईच्या आधी बाबा मला मारत नव्हते. घरात उंदीर पकडला की डब्यात घालून लांब नेऊन सोडायचे, आई चिडायची. मी झोपलो की माझी नखं कापायचे, कारण जागेपणी मी रडायचो. दाढी करताना गाणं म्हणायचे, बेसूर.

मी सात वर्षांचा असताना चौदा महिन्यांनी ते परत आले. पहिले दोन दिवस पलंगाखाली झोपले. तिसऱ्या दिवशी ते खिडकीशी उभे होते. त्यांच्या मागे कुणी उभं राहायचं नाही हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. मी अनवाणी, आवाज न करता मागून गेलो आणि भॉक केलं. आधी आम्ही हे नेहमी खेळायचो. त्यांनी माझा हात धरून पिरगळला, तो मोडला तरी सोडला नाही. दुसरा हात माझ्या गळ्यावर होता. आईनं तवा मारला तेव्हा सुटलो. मग मला बघून ते दारामागे जाऊन बसले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बाहेर आले नाहीत. दवाखान्यात आम्ही सायकल सांगितली. आमच्याकडे सायकल नव्हती.

त्यानंतर मारणं चालूच राहिलं. नऊ कागद जोडले आहेत, त्यातलं कुणी पडलेलं नाही. पुढचं सगळं आजारानं केलं की रागानं, ते मला सांगता येत नाही. पहिला दिवस आजाराचा होता. तो मी पाहिला."

टाकून आलो. 'बाबा' लिहिताना पेन दोनदा अडकला.

२३ मे

सुतळी खोलीवर आला. नळीनं पेज पितो. मी अंथरूण दुसरीकडे हलवलं, दाराजवळ. त्याला आता बरी झोप लागते.

२ जून, गुरुवार

बोर्ड झाला. आईनं फोनवर सांगितलं, रडत, तुटक तुटक.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गेले. तिघा डॉक्टरांसमोर ताठ बसले. प्रत्येक उत्तराला साहेब. झोप? येते साहेब. राग? नाही साहेब. घरी कुणावर हात उचलता? "छे छे साहेब, घरोघरचं असतं तेवढंच." मोठे डॉक्टर म्हणाले, माणूस तर शांत दिसतोय. जबाब घरातल्याच मुलाचा, वडिलांवर रागावलेल्या. दवाखान्याचे कागद उलटंच सांगतात. फाईल बंद केली.

आणि तेवढ्यात! धाकटी त्यांच्या मागून एक कागद द्यायला पुढे झाली. ती अगदी पाठीशी येईपर्यंत त्यांना चाहूल लागली नाही. वळले ते थेट तिचा गळाच धरला. टेबल उलटलं. एका डॉक्टरांचा चष्मा फुटला. शिपाई धरून चार माणसं लागली बोटं सोडवायला. धाकटी निळी पडलेली. नंतर त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "ही कोण? हिला कुणी मारलं?"

तिथल्या तिथे मंजूर. फी, वसतिगृह, पुस्तकं, पाचही वर्षं. बाबांना तिथूनच फौजेच्या दवाखान्यात नेलं, महिनाभर तरी ठेवणार. आई म्हणाली, जाताना मुकाट्यानं गेले. गाडीत बसताना कुणाचा तरी हात धरून.

"देवासारखी पुढे झाली बघ पोरगी," आई म्हणाली.

आज धुतलेली कातडी मोजली नाहीत.

३ जून

धाकटीचा फोन. आवाज फुटत नाही, नुसती कुजबुज. गिळता येत नाही म्हणाली.

"दादा, आईला सांगू नकोस. मी चपला दाराशी काढून गेले होते."

होते तेवढे सगळे पाठवतोय, गळ्याच्या डॉक्टरला. दोन हजार आठशे.