न पाहिलेल्या गिऱ्हाइकाचं माप

१० मार्च.
सूनबाईला तिसरा महिना. सोनोग्राफीचा फोटो पाहिला. धुक्यात ठेवलेला शेंगदाणा. सगळे म्हणाले, नाक बघा किती छान. म्हणून मीही नाक पाहिलं. निश्चय : बाळाच्या अंगाला लागणारं पहिलं कापड माझ्या हातचं. शिवणाचं दुकान बंद झालं म्हणून हात बंद झालेला नाही. विहीणबाई स्वेटर विणताहेत असं कळलं. विणोत बापड्या. चढाओढ करायचं माझं वय नाही. दुपारीच कापड आणलं.

१२ मार्च.
सूनबाईच्या मोबाइलवर दर आठवड्याला बाळाची लांबी येते. सध्या साडेपाच सेंटीमीटर, त्यात निम्मं डोकंच. तीनदा विचारून खात्री केली. उभ्या जन्मात असं गिऱ्हाईक आलं नव्हतं. त्या हिशेबाने झबल्याचा गळा ऐसपैस कापला. ही म्हणाली, अहो, आधी येऊ तर द्या त्याला. हिला शिवणातलं कळत नाही. ऐनवेळी धावपळ करणारे शिंपी वेगळे.

२८ एप्रिल.
पंधरा सेंटीमीटर. अंगभर बारीक लव आली आहे म्हणे. म्हणजे पोर स्वतःचं अस्तर घेऊनच येणार. लावलेलं अस्तर उसवलं.

५ मे, सकाळ.
पंचवीस! एका आठवड्यात दहा सेंटीमीटर! अजून वीस आठवडे आहेत. गुणाकार दोनदा केला. सव्वादोन मीटर. आमच्या दाराची चौकट त्याहून बुटकी.

५ मे, दुपार.
मी घाबरलेलो नाही. सूनबाईला काही बोललो नाही, या दिवसांत धक्का नको. फक्त तिला जरा कमी वाढ असं हिला सुचवलं. हिने माझंच ताट कमी वाढलं.

६ मे.
आणखी कापड आणलं. दोन्ही बाजू उसवून पट्ट्या जोडल्या.

२३ जून.
बाळाला आता बाहेरचं ऐकू येतं. म्हणून दिवसभर मशीन चालवलं, आपलं काम कोण करतंय ते त्याला कळावं. सूनबाई म्हणाली, बाबा, तुम्ही पायडल मारलंत की आतून लाथ बसते. खूश आहे पोर.

१४ जुलै.
चाळीसच. वाढ खुंटली! शेवटी सूनबाईला सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली. म्हणाली, अहो बाबा, आधी पाय दुमडलेले असतात, म्हणून डोक्यापासून बुडापर्यंतच मोजतात. विसाव्या आठवड्यापासून टाचेपर्यंत धरतात. माप बदललं, बाळ नाही! मला शंका होतीच. तिने लगेच आईला फोन लावला. विहीणबाईंचं हसू स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं.
निश्चय : उद्या झबलं लहान करणे.

३० जुलै.
चष्मा सापडत नाही.

१९ ऑगस्ट.
चष्मा सापडला. पाठ धरली आहे. शिवाय त्या रंगाचा दोरा संपलाय. ही म्हणाली, चादरच शिवायची होती तर तसं सांगायचं. दुकान होतं तेव्हा असं बोलायची हिंमत नव्हती कुणाची. आता माझा घरात उपयोग काय, असं कुणी विचारत नाही. मीच विचारतो.

२० सप्टेंबर, सकाळ.
डॉक्टरीणबाईंनी अजून दोन दिवस सांगितले आहेत. भरपूर वेळ. चहा घेऊन बसतो.

२० सप्टेंबर, दहा वाजता.
वेळ नाही. सूनबाईला दवाखान्यात नेलं.

२३ सप्टेंबर.
नात! पन्नास सेंटीमीटर, टाचेपर्यंत. घरी आली ती विहीणबाईंच्या स्वेटरमध्ये. अगदी अंगाबरोबर बसला होता. चोरून माप घेतलं असणार.
सूनबाईने माझ्यासाठी म्हणून झबलं तिला घालून पाहिलं. डोक्यावरून घातलं ते कुठेही न अडकता थेट पायांखाली गेलं. नात जशीच्या तशी उघडी. डोकं आता अंगाच्या पाव भागाएवढंच असतं म्हणे. मला कोणी कळवलं नाही. सूनबाई म्हणाली, राहू द्या बाबा, शाळेत जाईल तेव्हा होईल. भली मुलगी आहे.

२४ सप्टेंबर.
धूळ बसू नये म्हणून हिने झबलं शिलाई मशीनवर घातलं. मी चारी बाजूंनी फिरून पाहिलं. कुठे चुणी नाही, कुठे ओढ नाही.
सूतभरही फरक नाही.