ओवाळणीतलं पिल्लू

भवानी पेठ, सोलापूर
११ नोव्हेंबर २०२४

चि. मृत्युंजय यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आशीर्वाद पद्धत म्हणून लिहिले आहेत. मनात काय आहे ते पुढे वाच.

फोनवर मी घसा फोडायचा आणि तू पलीकडून 'काय? काय?' करायचं, हे आता माझ्याच्याने होत नाही. कानाचं मशीन काय कपाटात ठेवायला घेतलंस? परवा 'कुत्रं घेऊन जा' असं मी तीनदा ओरडले. शेजारच्या शबानाला ऐकू गेलं, तुला नाही. तुझ्या मुलाच्या मोबाइलवर लिहून पाठवावं तर आपलं भांडण तुमच्या घरभर वाचलं जाणार. म्हणून हे पत्र. छत्तीस वर्षं पोरांना पत्रलेखन शिकवलं, पण रागाचं पत्र कधी पुस्तकात नव्हतं. आज ते माझं मीच शिकते आहे.

भाऊबीजेला बहिणीने ओवाळलं की भाऊ ताटात काहीतरी घालतो. कुणी साडी घालतो, कुणी पाकीट. तू पिशवीत हात घालून कुत्र्याचं पिल्लू काढलंस आणि निरांजनाशेजारी ठेवलंस! वर हसत म्हणालास, अक्का, एकटी असतेस, सोबत होईल. मी तोंड उघडायच्या आत एसटी चुकेल म्हणत जिना उतरलास. तुझ्या भाऊजींना जाऊन दीड वर्ष झालं. या दीड वर्षात मी तुझ्याकडे सोबत मागितली होती का?

आता त्या सोबतीचं ऐक. ते दिवसभर स्वतःचे पाय चघळतं. सकाळी चपचप, दुपारी चपचप, मी जपाला बसले तरी चपचप. पुढचे दोन्ही पंजे लाल झालेत, बोटांमधले केस गेलेत. एक पाय तोंडातून ओढून काढला की दुसरा आत. कडुलिंबाचं तेल लावून झालं, हळद लावून झाली. तुझ्या भाऊजींचा पायमोजा कापून बांधला, तोही चघळून टाकला. शबाना म्हणाली, 'भूक लागली असंल की वो अम्मा त्याला.' म्हणून दूध वाढवलं. पोट टम्म झालं, चघळणं तसंच. ओल्या पायांचे ठसे घरभर उमटतात. मी दिवसातून तीनदा फिनेलने फरशी पुसते, तेव्हा कुठे माझ्या घरात मला पाय टाकवतो.

येत्या रविवारी ये आणि घेऊन जा. मी त्याला नाव ठेवलेलं नाही, ठेवणारही नाही.

राग वर आहे तो दिसतोच. खाली लोभ असेल तर तुझा तू शोधून घे.

तुझी अक्का,
शकुंतला

मैंदर्गी
१६ नोव्हेंबर २०२४

ती. अक्का हीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पोस्टमनसमोर फोडलं ही चूक झाली. माझं तोंड बघून तो चहा न घेताच गेला.

ओवाळणी परत नेतात हे तू कुठल्या गावात पाहिलंस? बहिणीच्या ताटात घातलं ते बहिणीचं. आणि सोबत मागितली नाहीस म्हणे! गणपतीत आलो होतो तेव्हा तू दोन ताटं वाढली होतीस. एक माझंच असणार म्हणून मी बसायला गेलो, तर म्हणालीस, थांब, तुझं वाढते, हे सवयीने वाढलं गेलं. माझे कान गेलेत अक्का, डोळे शाबूत आहेत. तू काही मागणार नाहीस हे मला माहीत आहे. तुझा स्वभावच तो. म्हणून न विचारता आणलं आणि पळालो. थांबलो असतो तर तू मला पिशवीसकट बाहेर काढलं असतंस.

पिल्लाला मी दोष देणार नाही. दोन महिन्यांचं धडधाकट पिल्लू दिलं तुला. माझ्याकडे असताना पायाला तोंड लावलं नव्हतं. तुझ्या घरी आठ दिवस राहिलं आणि पाय चघळायला लागलं. मग दोष कुणाचा? दिवसातून तीनदा फिनेल? ते घर आहे का एसटी स्टँडची मुतारी? इकडे मातीत लोळणारं लेकरू ते, त्याला तुझ्या त्या चकचकीत फरशीवर उभं राहायची भीती वाटत असेल. शाळेतसुद्धा पोरं तुझ्या वर्गात पाय आखडूनच बसायची.

शहरात राहतेस, जनावरांचा दवाखाना तुझ्या हाकेवर आहे. नेऊन दाखव. कडुलिंब, हळद असले प्रयोग बंद कर. रविवारी मी येणार नाही. फोनही करू नकोस, मला ऐकू येत नाही.

मोठी आहेस म्हणून पायावर डोकं ठेवतो, चुकीची आहेस म्हणून लगेच उचलतो.

तुझा,
मृत्युंजय

भवानी पेठ, सोलापूर
२१ नोव्हेंबर २०२४

चि. मृत्युंजय यास,
आशीर्वाद. या खेपेला 'अनेक' काढून टाकलं आहे.

तुझं पत्र हातात पडायच्या आधी रविवारी अंधार पडेपर्यंत वाट पाहिली. तुझ्यासाठी शेंगापोळ्या केल्या होत्या, त्या शबानाच्या घरी गेल्या. सोमवारी सकाळी मी घरचा उपाय केला. हिरवी मिरची वाटली, पाण्यात कालवली आणि पिल्लाच्या दोन्ही पंजांना लावली. तुझी अंगठा चोखायची खोड मी अशीच मोडली होती, आठवत असेल. चार दिवसांत सुटली.

पिल्लाने पाय तोंडात घातला आणि असं किंचाळलं की समोरच्या टॉवेलच्या कारखान्यातले लोक दारात आले. मग ते पायानेच डोळे चोळायला लागलं. मी पाणी ओतत होते, ते हातातून निसटत होतं. शबानाचा नवरा गौस भरल्या ताटावरून उठला. 'अम्मा, रिक्षात बसा, लई रडायलंय ते,' म्हणाला आणि आम्हाला दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टरीणबाई माझ्या शेवटच्या बॅचच्या मुलींएवढी. तिने पिल्लाचे डोळे धुतले, पंजे पाहिले आणि पायाला काय लावलं ते विचारलं. मी सांगितलं. फरशीला काय लावता विचारलं. तेही सांगितलं. रांगेत शेळ्या घेऊन बाया बसल्या होत्या, त्यांच्या देखत ती मला म्हणाली की आजी, फिनेलने याची कातडी पोळली आहे, त्यावर तुम्ही मिरची लावलीत, आता याने पाय चघळू नयेत तर काय करावं? मृत्युंजय, छत्तीस वर्षांत मला कुणी असं उभं करून बोललं नव्हतं. फिनेल माझी चूक. मिरची माझी चूक. लिहून दिलं, आता जपून ठेव.

पण तुझं अजून राहिलं आहे. तिने पिल्लाचं तोंड उघडून दात पाहिले आणि विचारलं की याला आईपासून तोडलं कुणी? हे जेमतेम सहा आठवड्यांचं आहे. म्हणजे तू माझ्या ताटात ठेवलंस तेव्हा ते चार आठवड्यांचं होतं! ती म्हणाली की पाय पोळले म्हणून ते चघळतं हे खरं, पण नुसतं चघळत नाही, चोखतं. इतक्या लहानपणी आई सुटली तर पिल्लू काहीतरी चोखत राहतं. दुसरं काही सापडलं नाही तर स्वतःचा पाय.

दोन महिन्यांचं धडधाकट, असं तू मला लिहिलंस. माझ्या हातून ओवाळून घेतलंस आणि मला खोटं सांगितलंस. दूधपितं लेकरू आईच्या पोटाखालून ओढून काढलंस तरी कसं? तुला तरी हे कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नाही कळलं तर चालेल, पण तुला! मला आता पिल्लाचा राग नाही, तुझा आहे, आणि तो फार आहे. उद्याच्या उद्या ये आणि याला याच्या आईकडे नेऊन सोड.

अक्का

मैंदर्गी
२५ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,
सा. न.

आईकडे नेऊन सोड म्हणतेस. कुठे सोडू? आई मेली.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी उसाच्या ट्रॉलीखाली गेली. आपल्या शेतावरच्या भीमाने तिची पिल्लं पोत्यात घालून आणली. पाच होती. 'मालक, ही काय आता जगत न्हाईत,' म्हणाला तो. दोन दिवसांत चार गेली. बोळ्याने दूध पाजून पाहिलं, माझ्या हाताला ते जमलं नाही. पाचवं उरलं, ते पिशवीत घालून तुझ्याकडे आणलं. खरं सांगितलं असतं तर सणाच्या दिवशी मरणाचं सावट घरात आणलंस म्हणाली असतीस. म्हणून खोटं बोललो. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

आता माझं ऐक. सत्तावन्न वर्षं मी हे बोललो नाही, आज तूच बोलायला लावलंस. चार दिवसांत सुटली लिहिलंस, आणि तेसुद्धा फुशारकीने. सुटली नव्हती अक्का. अव्वा गेली, आपण बिनआईचे झालो, त्या आठवड्यापासून मी अंगठा चोखायला लागलो. मी पाच वर्षांचा होतो. अव्वा कुठे गेली हे मला कुणी धड सांगितलं नव्हतं. तू माझं मनगट धरायचीस आणि मिरची चोळायचीस. मी कडब्याच्या गंजीमागे जाऊन अंगठा मातीत घासायचो, थुंकीने धुवायचो आणि मग चोखायचो. तोंड पोळायचं, तरी चोखायचो. हात डोळ्याला लागला की वाटायचं, आता आपण आंधळे झालो. ते पिल्लू कसं किंचाळलं हे तुला कागदावर लिहावं लागलं. मला ते न लिहिताही माहीत आहे.

बासष्ट वर्षांचा झालो, अजून ताटातली मिरची बोटाने बाजूला सारतो. तुझ्या घरीही सारतो. दर वेळी तू हसतेस, मैंदर्गीचा गडी आणि तिखट खात नाही म्हणतेस. का खात नाही, हे तू एकदाही विचारलं नाहीस.

भीमाने ते पोतं आणलं तेव्हा मी ओट्यावर बसून विचार केला की बिनआईचं लेकरू वाढवणं कुणाला येतं. सगळ्या जगात मला तुझंच नाव आठवलं. मिरची विसरलो, ही माझी चूक. तीही लिहून देतो.

रविवारी आठ तारखेला येतो आणि पिल्लू घेऊन जातो. वर येणार नाही. जिन्याच्या खाली उभा राहीन, शबानाच्या हाती पाठवून दे.

मृत्युंजय

भवानी पेठ, सोलापूर
३० नोव्हेंबर २०२४

चि. मृत्युंजय यास,
अनेक आशीर्वाद. 'अनेक' परत लिहिलं आहे.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा मला रागच आला. तू पाच वर्षांचा होतास हे तू लिहिलंस. मी अकरा वर्षांची होते हे कोण लिहिणार? चूल माझ्याकडे, पाणी माझ्याकडे, तू माझ्याकडे. आप्पा सकाळी शेतावर जायचे ते दिवेलागणीला यायचे, आणि आल्यावर भिंतीकडे बघत बसायचे. मोठी काकू म्हणाली की पोराचा अंगठा वाकडा होईल, दात पुढे येतील, लोक म्हणतील आई नाही म्हणून पोर बिघडलं. मिरची लाव, असं तिनेच सांगितलं. मी लावली. मला दुसरं काही येत नव्हतं रे. वाटलेली मिरची मी रोज आधी माझ्या जिभेला लावून बघायची. फार जाळणारी असली तर पाणी घालायची. ते तुला दिसलं नसेल, तू तोवर रडायला लागलेला असायचास.

आणि मी काय करत होते हेही तुला माहीत नाही. अव्वाचं इरकली लुगडं ट्रंकेत होतं. ट्रंकेचं झाकण उघडून, डोकं आत घालून मी त्याचा काठ चघळायची. दिवसातून किती वेळा, देव जाणे. आत अव्वाचा वास होता. तुझ्या अंगठ्याला मिरची लावून मी तिकडेच जायची. माझ्या तोंडाला मिरची लावणारं कुणी मोठं घरात नव्हतं, एवढाच तुझ्यामाझ्यात फरक. हे मी तुझ्या भाऊजींनाही कधी सांगितलं नाही.

त्या लुगड्याचा तुकडा अजून माझ्याकडे आहे. गुरुवारी काढला आणि पिल्लाच्या खाली अंथरला. डॉक्टरीणबाईने मऊ काहीतरी द्या म्हणून सांगितलंच होतं. ते त्यावर दोनदा गोल फिरलं, बसलं आणि काठ तोंडात धरला. माझ्या दातांनी विरलेला काठ, नेमका तोच. अव्वाची एवढीच आठवण उरली होती, ती आता ते फाडून ठेवणार आहे. फाडू दे. फरशी आता नुसत्या पाण्याने पुसते, त्याचे पाय बोटांमध्ये कोरडे करते, मलम लावते. कालपासून चपचप कमी आहे. पूर्ण गेली असं म्हणत नाही, तुझ्यासारखी मी खोटं लिहीत नाही.

तर आठ तारखेला ये. जिन्याखाली उभा राहिलास तर बादलीभर पाणी वरून ओतीन. वर ये. मिरचीशिवायचं जेवण करून ठेवते. आणि पिशवी आणू नकोस, मशीन आण. मला तुझी माफी मागायची आहे, आणि ती मी ओरडून मागणार नाही.

तुझी,
अक्का

(पोस्टकार्ड)

मैंदर्गी
४ डिसेंबर २०२४

ती. अक्का हीस,
शि. सा. न. वि. वि.

कार्ड मुद्दाम पाठवतो आहे. पोस्टमनला वाचू दे, त्याचा चहा राहिला होता. मशीन कपाटातून काढलं. सेल मेले होते, अक्कलकोटहून नवे आणले. काल सकाळपासून कानात आहे. घरातल्या भांड्यांचा आवाज डोक्यात घणासारखा बसतो, पण काढलेलं नाही, सवय करतो आहे. रविवारी पहिल्या गाडीने निघतो. राग पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगतो. तू हळू बोल. मला ऐकू येईल.

तुझा,
मृत्युंजय