ट्रॅक्टरचं न्हाण

११ ऑगस्ट ४६, रविवार
आजही दयारामले चहा कपबशीत, मले पितळी पेल्यात. बारा वर्षं झाली, आमचे मालक, गावचे मालगुजार, त्यांच्या धानगिरणीचं इंजिन मी चालवतो. माझ्यामुळं एक दिवस बंद नाही पडलं. आणि हा गडी लढाईवरून खाकी चड्डी घालून आला, दोन महिने नाही झाले, तर त्याले ओसरीवर खुर्ची! कायले? तर त्याले ट्रॅक्टर चालवता येते. ट्रॅक्टर म्हणजे लष्कराच्या लिलावातला जुना डबा. रंग गेलेला, शीट फाटलेली. मालक त्याच्याकडं असे पाहतात जसा घरात जावई आला.

१४ ऑगस्ट
मालक (मा.) सगळ्यांसमोर म्हणाले, "मिस्त्री, ट्रॅक्टरले हात नोको लावू. ते तुह्या इंजिनावानी नाई." दयाराम मधात पडला, "लावू द्या ना मालक, मिस्त्रीले समजते." त्याची शिफारस मागितली होती का मी? अंगाची आग आग झाली. जेवताना बायको, भागी, म्हणते, "दयारामभाऊ सांगत होते, इजिप्तात नुसती रेतीच रेती हाये म्हणे." मी म्हटलं, मंग तिथंच काऊन नाही राहिला? बायको हसली. तिले हे हसण्यासारखं वाटलं.

१९ ऑगस्ट
धानाची रोवणी सरली. ट्रॅक्टर कोठ्यात उभा. दयाराम गोरेगावच्या बाजाराले गेला होता, मा. झोपलेले. गेलो. हात लावलाच. गेअरपेटीवरचं झाकण फिरवून काढलं. आतलं तेल मधासारखं, घट्ट, पिवळं. दाते एकात एक बसलेले. खरं लिहितो, असं काम मी जन्मात नाही पाहिलं. हँडल मारून चालू करून बघावंसं वाटलं. तेवढ्यात मा.चा खोकला ओसरीवर. झाकण खिशात गेलं. खांद्यावरची चिंधी, भागीच्या हिरव्या लुगड्याचा काठ, तो भोकात कोंबला आणि निघालो. उद्या बसवतो.

२१ ऑगस्ट
नाही जमलं. दयाराम दिवसभर ट्रॅक्टरपाशीच. वरतून मी पोतं टाकलं असल्यानं त्याले भोक दिसलं नाही. झाकण माझ्या हत्याराच्या डब्यात. जाऊन देता येते, "घे बापा" म्हणून. पण मंग सांगावं लागन का चोरावानी हात लावला. आणि ते दयारामले सांगावं लागन. जीव गेला तरी नाही.

२५ ऑगस्ट, रविवार
उद्या पोळा, आज बैलांची खांद शेकणी. मा.नी बैलांच्या खांद्याले लोणी-हळद लावली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हटलं. मंग तोच हात ट्रॅक्टरच्या बोनेटले. त्यालेही आवतन! गावातली माणसं हसून राहिली होती. मी नाही हसलो. पाच वर्षांमागं मी मा.ले म्हटलं होतं, पोळ्याच्या दिवशी इंजिनालेही एक हार घालू. तेव्हा म्हणाले, "याडा झाला का मिस्त्री?"

२६ ऑगस्ट, पोळा
बैल गावच्या तळ्यावर, बोडीवर, न्हायले नेले. मा. म्हणाले, "ह्याले काऊन नाही न्हाणत? हा बी माहा बैलच." दयाराम म्हणाला, "नोको मालक, ओल्या कपड्यानं पुसतो, बस होते." चांगलं सांगत होता. मा.चा चेहरा उतरला. आणि मी काय बोललो? "न्हाऊ द्या ना! लोखंडाले काय सर्दी होते?" सगळे हो हो करत हसले. माझं एक वाक्य मा.ले आवडलं, किती दिवसांनी.

दयारामनं ट्रॅक्टर बोडीत उतरवला, अर्धं चाक बुडेपर्यंत. गड्यांनी बादल्यांवर बादल्या मारल्या. शीटवर, गेअरच्या दांड्यावर, पोत्यावर. पोत्याखाली काय आहे ते मले एकट्याले ठाऊक होतं. "थांबा" एवढा एक शब्द होता. तोंड उघडलं आणि मिटलं.

संध्याकाळी तोरणाखाली बैलांच्या पुढं ट्रॅक्टर पहिला. बेगड, झूल, हार. दयाराम शीटवर, कपाळाले गुलाल.

२७ ऑगस्ट, पोळ्याचा पाडवा
सकाळी दारात रोवलेल्या पळसाच्या फांद्या, मेढे, उपटून पोरंसोरं ते शिवेबाहेर टाकाले गेली. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" मीही ओरडलो. मनातल्या मनात त्यात दयारामचं नाव जोडलं. लिहायची लाज वाटते, पण जोडलं.

३ सप्टेंबर, मंगळवार
मा.नी आजूबाजूचे तीन मालगुजार बोलावलेले, वरची पडीत जमीन ट्रॅक्टरनं मोडून दाखवाले. दोन तास चालला नाही. आधी गुरगुर, मंग कर्कर. गेअरच्या दांड्याच्या बुडातून पांढरा फेस. पाहुणे उठून गेले. एक तर तोंडात पान ठेवून म्हणाला, "आमचे बैल बरे."

दयारामनं गेअरपेटीचा खालचा नट ढिला केला. पहिल्यानं नितळ पाणी, लोटाभर. मंग तेल, पण ताकावानी पांढरं. मा. गरजले, "पाणी कुठून आलं रे?" दयारामनं पोतं बाजूले केलं. भोक. भोकात हिरवी चिंधी, ओली चिंब. त्यानं ती काढली. पाहिली. पिळली. खिशात घातली. मी चार हातांवर उभा. तीच चिंधी बारा वर्षं माझ्या खांद्यावर पाहून राहिलं गाव, दयाराम तर रोज.

म्हणाला, "झाकण कुठी पडलं असन मालक. मीच चिंधी लावली होती, सांगायचं राहून गेलं."

काऊन खोटं बोलला हा?

५ सप्टेंबर
नवीन तेल नाही. नागपूरले माणूस धाडला, तो हात हलवत आला. दयाराम म्हणाला, हेच आटवून पाहू, पाणी उडन, तोपर्यंत काम चालन. आवारात तीन दगडांची चूल, लग्नातली कढई, मंद जाळ. मी गिरणीच्या दारातून पाहत होतो, पाय तिकडं जात नव्हते.

भागी धान घेऊन आली होती, तिथं थांबली. म्हणते, "भाऊ, तव्यावर टिपूस टाकून पाहा, पाणी असन त तडतडन." टाकलं. तडतडलं. दयाराम खूश! "वयनी, फौजेत हे आमाले कोणी शिकवलं नाई." अर्धा दिवस भागी त्याच्या चुलीपाशी. तवा तापव, टिपूस टाक, कान दे. माझी बायको, बारा वर्षांत माझ्या इंजिनापाशी एकदा उभी नाही राहिली. तिच्या बोलण्यानं त्याचं काम होऊन राहिलं, आणि ते बिघडवलं मी. दोन्ही गोष्टी एका पोटात मावत नाहीत.

दुपारून तव्यावरचा टिपूस गप्प झाला. तेल काळपट, पण नितळ. पेटी धुवायले दयारामनं माझ्याकडं मातीचं तेल, रॉकेल, मागितलं. इंजिनाच्या वाट्याचं आहे, नाही देत म्हटलं. मंग मीच अख्खा पिपा नेऊन दिला. त्यानं काही विचारलं नाही. विचारत काऊन नाही!

६ सप्टेंबर
भोकाले दयारामनं सागाचा बुच तासून बसवला. ट्रॅक्टर चालला. पण आतली कर्कर गेली नाही. आठ दिवस पाण्यात राहून बेअरिंगले जंग चढला. मी दुरून आवाजावरूनच ओळखलं. दयारामनंही.

८ सप्टेंबर, रविवार
मा.नी दयारामले काढलं. भर ओसरीवर. "तुले लाखाचं जनावर देल्लं, तू त्याच्या पोटात पाणी भरलं." न्हाणायचा हुकूम स्वतःचा, ते इसरले. दयारामनं ट्रॅक्टरचं हँडल खाली ठेवलं, रामराम केला, निघाला.

मा. माझ्याकडं वळले. "मिस्त्री, आता तूच पाहा. हात लाव बिनधास्त." हँडल माझ्या हातात. याच हँडलसाठी जीव जळत होता. जड आहे. घरी आणून कोपऱ्यात ठेवलं, भागीनं त्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

९ सप्टेंबर
सकाळी मा.नी ओसरीवर बोलावलं. खुर्ची देल्ली. चहा कपबशीत आला. बशीत ओतला, तोंडाले लावला. गोड होता, बाकी काही सांगता येत नाही.

घरी आलो तर दयाराम दारात, ट्रंक खांद्यावर. दुपारच्या गाडीनं गोंदियाहून रायपूरकडं जातो म्हणे. तिकडं लाकडाच्या ठेकेदारापाशी ट्रक चालवन. भागीनं पाणी देल्लं. तो प्यायला आणि खिशातून चिंधी काढली. धुतलेली, घडी घातलेली. माझ्या हातात ठेवली.

"मिस्त्री, सागाचा बुच कामचलाऊ हाये. पावसात फुगन. खरं झाकण बसवजा."

मी ती उंबऱ्यावर ठेवली. कसंबसं म्हटलं, "तू मालकाले काऊन नाही सांगितलं?"

"मी काय, कोठीबी गाडी चालवीन. तुमचं हे एकच इंजिन हाये. तुमाले काढलं असतं त वयनीले घेऊन कोठी गेले असते?"

आणि गेला. बैलगाडीत ट्रंक ठेवली, वर बसला, मागं पाहिलंही नाही.

शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं. गचांडी धरली असती तर मीही दोन दिल्या असत्या, मोकळा झालो असतो. हा माझी कीव करून गेला! हुशारीत वरचढ होता, ते कसंतरी गिळलं असतं. माणूस म्हणूनही वरचढ निघाला, आता ह्याचं काय करू? खुर्ची भेटली, हँडल भेटलं, कपबशी भेटली, आणि जळणं आहे तिथंच आहे.

दुपार. डबा उघडला. झाकण तिथंच, त्याले अजून तेलाचा वास आहे. बसवलं तर मा. विचारतील, कुठून आलं. नाही बसवलं तर बुच फुगन. बैलगाडी गोरेगावच्या पुढं गेली नसन अजून, सायकल काढली तर गाठता येते. मा. समोरच ओसरीवर बसून आहेत, तेही गाठता येतात.

भागी मागं येऊन उभी झाली. चिंधी तिच्या हातात. काठ ओळखला तिनं.

"हे माह्या लुगड्याचं दयारामभाऊपाशी कसं गेलं जी?"

थांब, लिहून होऊ दे म्हटलं. ती उभीच आहे.